मत बाद होऊ नये म्हणून: पसंतीक्रमाच्या मतपत्रिकेविषयी मतदार आणि मतमोजणी प्रतिनिधींसाठी

ईव्हीएमवर मत बाद होत नाही. बटण दाबले की मत नोंदले जाते आणि उमेदवार पसंत नसतील तर ‘नोटा’चे बटण असते, तोही नोंदलेला कौलच असतो, बाद मत नव्हे. त्यामुळे ज्यांनी आयुष्यभर यंत्रावरच मतदान केले, त्यांना बाद मत ही जुन्या काळातली गोष्ट वाटते. प्रत्यक्षात विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत आजही कागदी मतपत्रिका आहे, आणि तिच्यावर उमेदवारांच्या नावांसमोर १, २, ३ असे आकडे लिहून पसंतीक्रम द्यायचा असतो. महाराष्ट्रात असे सात पदवीधर आणि सात शिक्षक मतदारसंघ आहेत. पुणे, नागपूर आणि औरंगाबाद या पदवीधर मतदारसंघांतून २०२० च्या डिसेंबरात निवडून आलेल्या सदस्यांची सहा वर्षांची मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते, म्हणजे हा कागद लवकरच पुन्हा मतदारांच्या हातात येणार आहे.

२०२३ च्या अमरावती पदवीधर निवडणुकीत साडेआठ हजारांहून अधिक मते बाद ठरली, आणि विजयी व पराभूत उमेदवारांतील अंतर साडेतीन हजारांच्या आत होते. मतदार सगळे पदवीधर. तेव्हा मत बाद होण्याचा संबंध अडाणीपणाशी जोडणे सोडून द्यावे. माझ्या मते खरे कारण सवयीत आहे. शिकलेल्या माणसाला बरोबरची खूण करायची, सही ठोकायची, एखादा शब्द जास्तीचा लिहायचा हात असतो; आणि ही मतपत्रिका पसंतीच्या आकड्यांपलीकडे काहीही सहन करत नाही. (शिक्षक मतदारसंघात तर वर्षभर उत्तरपत्रिकांवर बरोबरच्या खुणा करणारा हात त्या दिवशी आवरावा लागतो.)

मतदान केंद्रात

मतपत्रिका हातात पडताच ती उलटून पाहावी. मागच्या बाजूला त्या केंद्राची खूण आणि मतदान केंद्राध्यक्षांची सही असली पाहिजे. नसेल तर तिथेच, मत नोंदवण्यापूर्वी, शांतपणे लक्षात आणून द्यावे. हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे, परंतु मतपेटीत पडल्यानंतर तो कागद कोणाचा हे शोधता येत नाही आणि शोधू देणेही गुप्ततेच्या दृष्टीने अशक्य असते.

मतपत्रिकेबरोबर जांभळ्या शाईचे स्केचपेन दिले जाते. मत त्याच पेनाने नोंदवायचे. खिशातले बॉलपेन कितीही चांगले चालत असले तरी ते बाहेर काढू नये. पुरवलेल्या साधनाखेरीज अन्य साधनाने केलेली नोंद हे मतपत्रिका फेटाळण्याचे स्वतंत्र कारण आहे. हा नियम कोरडा वाटतो, पण त्याने निकाल फिरलेले आहेत. २०१६ मध्ये हरियाणातील राज्यसभा निवडणुकीत काँग्रेस आमदारांची डझनभर मते केवळ वेगळ्या पेनामुळे बाद झाली आणि पक्षाने पाठिंबा दिलेला उमेदवार पडला. पेन कसे बदलले यावर पुढे पुष्कळ आरोप-प्रत्यारोप झाले. मते मात्र परत आली नाहीत. आडोशाला ठेवलेले पेन उमटत नसेल किंवा ते भलत्याच रंगाचे दिसले, तर मत न नोंदवता अधिकाऱ्याकडून योग्य पेन मागून घ्यावे.

ज्या उमेदवाराला पहिली पसंती द्यायची, त्याच्या नावासमोरील पसंतीक्रमाच्या रकान्यात १ हा आकडा लिहावा. आकडा देवनागरीत लिहिला, आंतरराष्ट्रीय पद्धतीने लिहिला वा रोमन पद्धतीने लिहिला तरी चालतो. अन्य भारतीय भाषांतील अंकही चालतात. अक्षरांत लिहिलेला ‘एक’ मात्र चालत नाही. मतदान एकाच जागेसाठी असले तरी दुसरी, तिसरी, चौथी पसंती देता येते. ती ऐच्छिक आहे. पहिली पसंती तेवढी अनिवार्य. आकडा रकान्याच्या मधोमध लिहावा. दोन नावांमधल्या रेघेवर बसलेला १ कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मोजणीच्या टेबलावर द्यायला मतदार हजर नसतो.

लिहिताना चूक झाली तर खाडाखोड करू नये. हातून मतपत्रिका अनवधानाने खराब झाली असेल तर ती केंद्राध्यक्षांना परत करून दुसरी मागण्याची तरतूद नियमांत आहे. अनवधानाने झाले याची केंद्राध्यक्षांची खात्री पटली की ते पहिली मतपत्रिका रद्द केल्याचा शेरा मारून बाजूला ठेवतात आणि दुसरी देतात. ही सोय फार थोड्या मतदारांना माहीत असते. बहुतेक जण संकोचाने ३ चा १ करतात, १ चा २ करतात आणि तो गिचमिड आकडा तसाच पेटीत टाकतात. संकोच करण्याचे काहीच कारण नाही. मात्र मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वीच ती बदलून मिळते, नंतर नाही.

काही मतपत्रिका जवळून पाहू

अ, ब, क आणि ड असे चार उमेदवार आहेत असे धरू आणि मोजणीच्या टेबलावर येणाऱ्या कागदांकडे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या नजरेने पाहू.

पहिल्या कागदावर अ समोर फक्त बरोबरची खूण आहे, दुसरे काही नाही. मतदाराला अ हवा होता याबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही. तरीही मत बाद, कारण १ हा आकडा कुठेच नाही. पसंतीक्रमाच्या पद्धतीत कागदावर १ असणे हीच वैधतेची पहिली अट आहे. फुली, टिंब, रेघ यांचीही गत तीच.

दुसऱ्यावर ब समोर २ आणि क समोर ३ आहे, पण १ कोणालाच नाही. बाद. अमुक उमेदवार ‘दुसऱ्या क्रमांकाचा’ म्हणून काही मतदार असे करतात. पहिली पसंती नसेल तर पुढच्या पसंतीला आधार उरत नाही.

तिसऱ्यावर अ आणि क या दोघांसमोर १ आहे. बाद. चौथ्यावर अ समोर एकाच रकान्यात १ आणि २ असे दोन्ही आकडे आहेत, बहुधा आपल्या उमेदवाराला सगळीच पसंती द्यावी या भाबड्या हेतूने. तेही बाद.

पाचव्या कागदावर अ समोर १, ब समोर २, आणि क समोरही २ आहे. इथे अनेक मतमोजणी प्रतिनिधी घाईने हरकत घेतात आणि ती चुकीची असते. हे मत वैध आहे. अ च्या पारड्यात ते पूर्ण मोजले जाईल. कोणीच विजयासाठीचा कोटा गाठला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार वगळून त्याचे कागद पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे पाठवतात; अशा बाद फेरीत अ स्पर्धेतून बाहेर पडला तरच अडचण येईल, कारण पुढची पसंती दोघांना सारखीच दिलेली असल्याने कागद कोणाकडे पाठवायचा ते कळत नाही. तिथे तो कागद पुढे सरकण्याचा थांबतो, पण त्याला बाद मत म्हणत नाहीत. अ समोर १ आणि क समोर थेट ३ असलेल्या सहाव्या कागदाचेही तसेच आहे: पहिली पसंती धरली जाते, मधला २ गायब असल्याने ३ धरला जात नाही.

सातव्या कागदावर सगळे आकडे चोख आहेत आणि खाली मतदाराची लपेटदार सही आहे. बाद. मतदाराची ओळख पटू शकेल अशी कोणतीही खूण किंवा मजकूर मतपत्रिकेवर असता कामा नये. सही, आद्याक्षरे, नाव, अंगठा हे सगळे त्यात येते. या नियमामागे कारण आहे. मतपत्रिकेवर ठरवून खूण करता आली, तर मत विकत घेणाऱ्याला ‘माल पोहोचला की नाही’ हे मोजणीच्या वेळी तपासता येईल. मागण्या, घोषणा किंवा उमेदवारांना उद्देशून लिहिलेले खडे बोल यांचीही मतपत्रिका ही जागा नव्हे. शिक्षकांच्या किंवा पदवीधरांच्या प्रश्नावर काही सांगायचे असेल तर ते निवेदनात सांगावे.

शिक्क्याची मतपत्रिका वेगळी

सहकारी संस्थांच्या निवडणुकांत, म्हणजे साखर कारखाने, सोसायट्या यांच्या मतदानात, कागदावर बाणफुलीचा शिक्का मारण्याची पद्धत अनेकांच्या परिचयाची आहे. तिथे वेगवेगळ्या गटांसाठी वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका असतात आणि ज्या गटात जितक्या जागा, त्याहून जास्त शिक्के पडले की ती मतपत्रिका बाद होते. पॅनेलच्या सगळ्या चिन्हांवर शिक्के मारण्याच्या भरात शेवटचा एक शिक्का जास्तीचा पडतो, हा तिथला नेहमीचा घोळ.

लोकसभा आणि विधानसभेसाठी शिक्क्याच्या मतपत्रिकेचे जे नियम १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत आहेत, ते पसंतीक्रमाच्या नियमांपेक्षा अधिक उदार आहेत, आणि हा फरक प्रतिनिधींनी नीट समजून घ्यावा. शिक्का पुसट उमटला किंवा एकाच उमेदवारासमोर दोनदा पडला, एवढ्यावरून मत फेटाळता येत नाही. मत अमुक उमेदवारालाच द्यायचे होते हे स्पष्ट दिसत असेल तर ते धरावे लागते. केंद्राध्यक्षांची सही किंवा खूण राहून गेली असेल आणि ती चूक मतदान केंद्रावरील अधिकाऱ्यांचीच आहे अशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची खात्री झाली, तर त्या कारणासाठीही मतदाराला शिक्षा होत नाही. बाणफुलीचा आकारसुद्धा विचार करून ठरवलेला आहे. घडी घातल्यावर ओली शाई समोरच्या बाजूला उमटली तरी तो ठसा आरशातल्यासारखा उलटा येतो आणि बाणांच्या दिशेवरून खरा शिक्का कोणता ते ओळखता येते.

टपाली मतदान

टपाली मताच्या बाबतीत गंमत अशी की मतपत्रिकेपेक्षा तिच्यासोबतच्या कागदांमुळे मत जास्त धोक्यात येते. लोकसभा-विधानसभेच्या टपाली मतपत्रिकेवर अमुकच खूण हवी असा आग्रह नसतो. हेतू स्पष्ट दिसला पाहिजे. पण नमुना १३-ए मधील घोषणापत्रावर सही राहिली, ती साक्षांकित झाली नाही, किंवा घोषणापत्रातील मतपत्रिकेचा अनुक्रमांक आणि आतल्या १३-बी पाकिटावरील अनुक्रमांक जुळला नाही, तर आतले पाकीट उघडलेच जात नाही. मत कोणाला होते हे न पाहताच ते बाजूला पडते.

म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवावा. मतपत्रिका फक्त १३-बी या आतल्या पाकिटात ठेवून ते बंद करावे. घोषणापत्र त्या पाकिटात कोंबू नये. बंद केलेले १३-बी पाकीट आणि घोषणापत्र ही दोन्ही १३-सी या मोठ्या पाकिटात ठेवावीत. दोन्हीकडचा अनुक्रमांक एकदा बोट ठेवून ताडून पाहावा. निवडणूक कामावरील कर्मचाऱ्यांनी सुविधा केंद्रावरच मतदान उरकावे. तिथे साक्षांकनासाठी अधिकारी हजर असतो. डाकेने पाठवलेले पाकीट मोजणी सुरू होण्यासाठी ठरवलेल्या वेळेपूर्वी पोहोचले पाहिजे; त्यानंतर आलेले मोजले जात नाही, मग उशीर कोणाचाही असो.

२०१७ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीत ढोलका मतदारसंघात भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी निवडून आले, आणि तिथे ४२९ टपाली मते फेटाळलेली होती. २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्दबातल ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आता विजयाचे अंतर फेटाळलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर करण्याआधी ती सगळी मते पुन्हा तपासण्याची निवडणूक आयोगाची सूचना आहे. मोजणी प्रतिनिधीने हे दोन आकडे आपल्या वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

मोजणीच्या टेबलावर

पसंतीक्रमाच्या मोजणीत आधी सगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळतात, त्यांचे गठ्ठे करून टेबलांवर वाटतात आणि मग वैध व संशयास्पद असे वेगळे करतात. संशयास्पद कागदाचा अंतिम निर्णय टेबलावरच्या कर्मचाऱ्याचा नसतो, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचा असतो. पदवीधर-शिक्षक मतदारसंघात हे काम विभागीय आयुक्तांकडे असते. मतपत्रिका फेटाळण्यापूर्वी ती पाहण्याची वाजवी संधी प्रतिनिधीला मिळाली पाहिजे. पाहण्याची, हातात घेण्याची नव्हे. फेटाळलेल्या कागदावर तसा शेरा, थोडक्यात कारण आणि अधिकाऱ्यांची आद्याक्षरे येतात, आणि असे कागद वेगळ्या गठ्ठ्यात बांधले जातात. हरकत घ्यायची तर त्या क्षणी, त्या कागदावर, नियमातील कारण सांगून घ्यावी. ‘आमची पुष्कळ मते उडवली’ अशी सर्वसाधारण तक्रार संध्याकाळी करून काही हाती लागत नाही.

बाद मतांचा निकालावर होणारा परिणाम कोट्यातून दिसतो. एका जागेच्या निवडणुकीत कोटा म्हणजे एकूण वैध मतांची निम्मी संख्या, उरलेला अपूर्णांक सोडून, अधिक एक. बाद मते या हिशोबातून आधीच वगळलेली असतात. २०२५ च्या उपराष्ट्रपती निवडणुकीचे आकडे घेऊ, तीही पसंतीक्रमानेच होते. ७६७ खासदारांनी मतदान केले, १५ मते बाद झाली, ७५२ वैध राहिली. निम्मे ३७६, अधिक एक, म्हणून कोटा ३७७. सर्व मते वैध असती तर तो ३८४ झाला असता. महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२ मते मिळाल्याने तिथे फरक पडला नाही. पण चुरशीच्या लढतीत बाद मतांमुळे कोटा खाली येणे ही आघाडीवरच्या उमेदवाराला झालेली मदतच असते, म्हणून पिछाडीवरच्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने संशयास्पद गठ्ठ्यापाशी आपला सर्वांत जाणता माणूस बसवावा. (हे पंधराही मतदार खासदार होते, हे जाता जाता.)

ज्या मतपत्रिकांवर पुढची पसंती नाही, त्या मात्र कोट्यातून वजा होत नाहीत. कोटा सुरुवातीला एकदाच ठरतो. बाद फेऱ्यांत असे कागद एकेक करून थांबत गेले, तर शेवटी उरलेला एकटा उमेदवार कोटा न गाठताही विजयी घोषित होऊ शकतो, आणि ते नियमाला धरूनच असते. केवळ पहिली पसंती देऊन थांबणाऱ्या मतदारांनी हे ध्यानात घ्यावे.

मत दाखवल्याने किंवा अधिकाऱ्यामुळे बाद होते तेव्हा

राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराने आपले मत पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायचे असते, इतर कोणाला नाही. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात याच मुद्द्यावर तीन आमदारांच्या मतांवर हरकत घेतली गेली, मोजणी मध्यरात्र उलटेपर्यंत लांबली, आणि निवडणूक आयोगाने शिवसेनेचे सुहास कांदे यांचे मत बाद ठरवले. पदवीधर मतदारसंघात मतदान गुप्त असते, तिथे कोणालाच मत दाखवायचे नसते. केंद्रात मोबाइलवर मतपत्रिकेचा फोटो काढण्याचा मोह टाळावा.

क्वचित उलटेही घडते. ३० जानेवारी २०२४ रोजी चंदीगडच्या महापौर निवडणुकीत पीठासीन अधिकाऱ्याने कुलदीप कुमार यांची आठ मते बाद ठरवली आणि मनोज सोनकर यांना १६ विरुद्ध १२ असे विजयी घोषित केले. मतपत्रिकांवर खुणा करताना तो अधिकारी कॅमेऱ्यात दिसत होता. सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिका मागवून स्वतः पाहिल्या, त्या फेटाळण्यासारखा कोणताही दोष मतदारांच्या नोंदीत नाही असे ठरवले, आणि २० फेब्रुवारीला ती आठ मते धरून कुलदीप कुमार यांची एकूण मते २० होतात म्हणून त्यांना विजयी घोषित केले. प्रतिनिधीने यातून घ्यायचे ते एवढेच की कागद टेबलावर येतानाच त्यावर काय आहे ते पाहून टिपून ठेवावे, म्हणजे नंतर आलेली खूण नंतरची आहे हे सांगता येते.

फेरमोजणी आणि त्यापुढे

लोकसभा-विधानसभेच्या मोजणीत बेरीज जाहीर झाल्यानंतर आणि निकालपत्रकावर सही होण्यापूर्वी उमेदवाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला लेखी अर्ज करून फेरमोजणी मागता येते. अर्जात कारणे हवीत: कोणत्या टेबलावर, कोणत्या फेरीत, किती मतपत्रिका, कोणत्या आधारावर चुकीने फेटाळल्या. अधिकारी अर्ज पूर्ण किंवा अंशतः मान्य करू शकतात, किंवा तो निरर्थक वाटल्यास नाकारू शकतात. निर्णय मात्र लेखी आणि सकारण द्यावा लागतो. केवळ बाद मतपत्रिकांचीच फेरतपासणी मागणे बहुधा अधिक शहाणपणाचे ठरते, कारण मर्यादित आणि नेमकी मागणी नाकारणे अवघड असते. निकालपत्रकावर सही झाली की हा दरवाजा बंद होतो.

त्यानंतर उरते ती निवडणूक याचिका. निकालापासून ४५ दिवसांच्या आत ती उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. मते चुकीने फेटाळली गेली एवढे दाखवून भागत नाही. त्यामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हेही लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १०० प्रमाणे सिद्ध करावे लागते. मतपत्रिकांची मोहोरबंद पाकिटे तोपर्यंत कोणालाही उघडता येत नाहीत, त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. न्यायालयही पाकिटे सहजी उघडू देत नाही, आधी ठोस तपशील मागते, आणि तो तपशील मोजणीच्या दिवशी टेबलापाशी लिहिलेल्या वहीतूनच काढावा लागतो.